तोंडाशी इमान

पाठक सर टीव्हीचा आवाज बंद करून ऐकतात. बघतात नव्हे, ऐकतात. दिवा मालवायचा, आवाज शून्यावर आणायचा, पडद्याला नाक लागेल इतकी खुर्ची पुढं ओढायची, आणि मग मान डोलवत "हं... हं... बरं, मग?" असं सुरू होतं. पडद्यावर कुणी जपानी बाई तोंड हलवत असते आणि इकडं औरंगपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, साठी ओलांडलेला एक गृहस्थ तिला हुंकार देत असतो. मी काही विचारायला तोंड उघडलं की हात वर करतात. "थांब माय, ती बोलतेय." खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नसतो. पहिल्या आठवड्यातच मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं.

सोडली नाही, कारण दुसरी मिळत नव्हती. आमचा स्टुडिओ भांड्यांच्या दुकानावर आहे. मालक जगतापकाका पूर्वी इथं भजनाच्या कॅसेटी भरायचे. त्या काळातले अंड्यांचे ट्रे अजून भिंतींना चिकटवलेले आहेत आणि पावसाळ्यात त्यांतला एखादा गळून कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. आता आम्ही परदेशी मालिकांना मराठी आवाज देतो. मी रेकॉर्डिंग करते. पाचोडला माझ्या घरी सांगतात की पोरगी कार्टुनात कामाला आहे. त्यावर गावातल्या बायका माझ्याकडं जरा काळजीनंच बघतात.

पाठक सर संवाद लिहितात आणि कलाकारांकडून म्हणून घेतात. मूळचे पैठणचे. आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी, वडील कचेरीत कारकून, सर स्वतः सरकारी खात्यातून निवृत्त. ओठ वाचायला कुठं शिकलात असं विचारलं की म्हणतात, "घरी." पुढं विचारलं तर चष्मा पुसायला घेतात.

त्यांचा धर्म एकच, तोंडाशी इमान. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या मराठी वाक्यात तिथं प, ब नाहीतर म पाहिजे. ओठ मिटलेलेच नाहीत आणि तुम्ही "बाबा" म्हटलंत, तर सर कपाळाला हात लावून खाली बसतात. "प्रेक्षकाला कळत नाय गं, पण त्याला आतून खटकतं. आपल्याशी कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं." मग त्या एका शब्दासाठी कलाकाराला घाम फुटेपर्यंत परत परत म्हणायला लावतात.

रस्त्यावरही हे थांबत नाही. सिग्नलला शेजारच्या काचबंद गाडीत नवराबायको भांडत असले, की सर आमच्या रिक्षात बसून दोघांचेही संवाद म्हणून दाखवतात, बाईचे बाईच्या आवाजात. सिग्नल सुटला तरी रिक्षावाला हलत नाही. लग्नांना त्यांना आता फारसं कुणी बोलवत नाही, कारण पलीकडच्या पंगतीत वरमाई काय म्हणाली ते त्यांनी अलीकडच्या पंगतीत सांगितलेलं आहे.

खालच्या भांड्यांच्या दुकानदारानं एकदा त्यांना गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. "धाकटा भाऊ नोकराला काय सांगतोय तेवढं बघा." सरांनी बघितलं आणि शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यात थोरल्याच्या अकलेचा विषय होता. तेव्हापासून दोघं भाऊ दुकानाची वेगवेगळी शटरं उघडतात.

"सर, जरा गोड करून सांगायचं ना," मी म्हटलं.

"त्याच्या तोंडात नव्हतं ते मी कुठून घालू? ही तर सरासर बेइमानी झाली."

अशा माणसाच्या हाती ही जपानी कार्टुनमालिका आली.

मालिका जुनी, आमच्या सरांच्या तरुणपणातली. जगभर ती ज्याच्या त्याच्या भाषेत दाखवली गेली म्हणे, आणि जो तो आपल्या मापानं तिला कापत-शिवत गेला. कुणी नावं बदलली, कुणी मरणं गाळली, कुणी रडक्या भागांना आनंदी संगीत लावलं. आता आमची पाळी होती. गोष्ट हारू नावाच्या मुलाची. त्याच्या आईला धुकं घेऊन गेलंय आणि तो कंदील घेऊन गावोगाव तिला शोधतो आहे. धुक्यात गेलेल्या माणसांचा आवाज जातो. ती दिसतात, तोंड हलवतात, पण ऐकू काही येत नाही. मूळ जपानीतसुद्धा तिथं पूर्ण शांतता आहे. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

मालिका घेणाऱ्या वाहिनीच्या मॅडम मुंबईत बसतात आणि रोज पडद्यावर येऊन आम्हाला सूचना देतात. बाई स्वभावानं चांगली, पण तिला लहान मुलांच्या मनाची फार काळजी. हारूचं हरी करा. भाताच्या गोळ्याचा वडापाव करा. "मॅडम, धुक्यात वडापाव कोण तळतंय?" सर म्हणाले, आणि त्यांनी भाताचा मुटका केला. खेड्यातल्या म्हातारीला त्यांनी आमच्या पाचोडच्या बाजारातली बोली दिली. "कामून आला रं लेकरा इथं? इथून कुणी वापस जात नाय." मॅडमना प्रमाण भाषा हवी होती. "जपानच्या खेड्यात लोक प्रमाण भाषा बोलतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडम म्हणाल्या, की त्या विचारून कळवतील.

धुक्याचे भाग मात्र मला आवडत नव्हते. त्या गर्दीत मागं एक म्हातारा असतो. चित्रकारानं उगाच जागा भरायला काढलेला. हारू त्याच्याकडं बघत नाही, गोष्टीत त्याला काम नाही. पण प्रत्येक धुक्यात तो असतो आणि तोंड हलवत असतो. सरांनी एका सकाळी त्याच्यापुढं खुर्ची ओढली आणि दुपारी सांगितलं, "हा विचारतोय, दार कुणी लावलं."

"जपानीत का मराठीत?"

"ओठांची जबान एकच असते माय."

मी हसले. पण त्या दिवसापासून माझ्या भाड्याच्या खोलीचं दार लावताना माझा हात थबकतो. लावते, आणि लावल्यावर पुन्हा उघडून बाहेर बघते. जिन्यात कुणी नसतं. कुणी असणार तरी कोण?

सरांबरोबर राहून राहून मलाही तो नाद लागला. स्टुडिओच्या काचेपलीकडं कलाकार आपसात बोलायला लागले, की आवाज बंद असतानाही मला निम्मंअर्धं कळायचं. कुठं ओठ मिटतात, कुठं उघडतात, तेवढं तर न चुकता दिसायचं. सर खूश झाले. "आता तू बिघडलीस," म्हणाले.

एकदा भर दुपारी वीज गेली. धुक्यात एक बाई बोलत होती आणि पडदा विझला. अंड्याच्या ट्रेंनी मढवलेली ती खोली दिवसासुद्धा काळीकुट्ट असते. मी मोबाइलचा दिवा शोधत होते तेवढ्यात अंधारातून सरांचा आवाज आला. "ओठच दिसेनात, तर आता ती काय म्हणतेय ते मला कसं कळणार?" त्यांचा आवाज कापत होता. एका कार्टुनासाठी इतकं?

मग गाडी अडली ती आईपाशी. शेवटच्या भागात हारूला आई सापडते. धुक्याच्या त्या बाजूला उभी असते, त्याच्याकडं बघते, काहीतरी बोलते आणि मागं फिरून निघून जाते. झालं. आईला अख्ख्या मालिकेत तेवढंच तोंड हलवायचं आहे, तेही बिनआवाजी.

"इथं शांतता नको हं," मॅडम म्हणाल्या. "मुलांना वाटेल टीव्ही बिघडला. शिवाय आई मेली असं तर अजिबात वाटता कामा नये. आपण असं करू, आई म्हणेल, 'मी जाऊन येते बाळा, मामाच्या गावाला.' ओठसुद्धा बसतात, मी बघितलंय."

"बसतात की," सर म्हणाले. "खोटं ओठांवर झकास बसतं. पण ती हे म्हणत नाय."

"मग काय म्हणतेय?"

"ते अजून ऐकू आलं नाय."

मॅडमनी कॉल बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जगतापकाकांना वेगळा फोन आला. उद्या दुपारपर्यंत आईचं वाक्य भरून पाठवा, नाहीतर मालिका दुसऱ्या स्टुडिओत जाईल आणि ते लोक मामाचं गाव भरतील. काकांना कामाची चिंता होती. मला खरं सांगायचं तर त्या आईची होती. इतके दिवस धुक्यात उभी राहून शेवटी तिनं मामाच्या गावाला जावं, हे मलाही सोसत नव्हतं.

आणि नेमके त्या दिवशी सर आलेच नाहीत. मोबाइल उचलेनात. काकांनी मला त्यांच्या घरचा नंबर दिला. मी लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, जरासा घोगरा, प्रेमळ.

"हॅलो... कोण? तू व्हय माय. आत्ताच आलोत आम्ही दवाखान्यातून. हे दमलेत. जेवलीस का तू?"

मी जेवले म्हटलं, सरांना निरोप द्या म्हटलं, फोन ठेवला आणि काकांना सांगितलं की काकूंशी बोलणं झालं.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कुणाशी?"

"पाठककाकूंशी."

"अगं, त्या बाईच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन किती वर्षं झाली. आतली पेटीच काढली. हूं की चूं निघत नाय तिच्या गळ्यातून." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जाऊन ये घरी. माझी गुडघेदुखी आहे."

जगतापकाकांना गुडघेदुखी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सरांचं घर औरंगपुऱ्यातच, आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. भर दुपार होती. खाली रिक्षांचा, भाजीवाल्यांचा गोंगाट, पण जिना चढत गेले तसा तो मागं राहिला. दारापाशी पोहोचते तोच आतून तो आवाज आला. "अहो, कुणीतरी आलंय बघा. जिन्यात पाऊल वाजलं." परत आवाज आला. "दार लोटलेलंच आहे, ये आत."

मी दार ढकललं. खोलीत पडदे ओढलेले, खिडकीचा एकच पट्टा उघडा, आणि तो उजेड नेमका पलंगावर बसलेल्या काकूंच्या तोंडावर. गळ्याला पांढरं फडकं. त्यांच्यासमोर, माझ्याकडं पाठ करून, खुर्ची पुढं ओढून सर बसलेले. काकू माझ्याकडं बघून हसल्या आणि त्यांचे ओठ हलले. आवाज सरांच्या पाठीतून आला.

"अशी काय बघतेस? बस की."

आवाज ओठांच्या किंचित मागं होता. आमच्या धंद्यात असं झालं तर मी परत भरायला लावते. मी तिथंच दाराला टेकून खाली बसले.

"घाबरली बिचारी," काकूंचे ओठ म्हणाले आणि सरांनी ते काकूंच्या आवाजात म्हटलं. "पैठणहून माझी बहीण फोन करते ना, ती मी समजून ह्यांच्याशीच भांडते. नंतर म्हणते, ताई, तू लई चिडखोर झालीस."

मग मला भीती वाटेनाशी झाली. हा आवाज सरांनी काकूंच्या जुन्या आवाजावरून जपून ठेवलेला होता. काकू शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या, आणि तो घोगरेपणा त्या वर्गानं दिलेला. सरांनी तोही सोडलेला नव्हता.

काकू बोलत राहिल्या, सर भरत राहिले. नजर त्यांच्या ओठांवरून हलवत नव्हते. विशेष म्हणजे काकू सरांचीच गाऱ्हाणी सांगत होत्या आणि सर ती इमानानं, एक शब्द न गाळता, काकूंच्या आवाजात मला ऐकवत होते. "हा माणूस हट्टी आहे. भाजीवालीशीसुद्धा माझ्या आवाजात भाव करतो आणि जास्तच देऊन येतो. कामावरचं कामावर ठेवत नाय. मुंबईच्या बाईचं ऐकायला काय जातं? सांग तू ह्यांना."

मी सांगितलं. उद्या दुपारपर्यंत, नाहीतर मामाचं गाव. सरांनी मान हलवली, पण तोंड माझ्याकडं वळवलं नाही.

"आणि अजून एक," काकूंचे ओठ हलले. इथं सरांचा आवाज अडखळला, पण ते थांबले नाहीत. "दुखणं परत आलंय. आता डॉक्टर काही करायचं नाय म्हणाले. हे कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते."

स्वतःच्या बायकोचं मरण बायकोच्याच आवाजात सांगताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही. त्यातसुद्धा त्यांनी वाक्य ओठांवर बरोबर बसवलं होतं.

पलंगाजवळच्या स्टुलावर चहा ओतून ठेवला होता, त्यातला एक कप मी उचलला. काकूंनी माझ्यावरची नजर काढली आणि सरांकडं वळवली. मग त्या काहीतरी बोलल्या. सावकाश, वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं.

सर गप्प.

काकू वाट बघत होत्या. मीही. बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं.

"काय म्हणाल्या?" मी शेवटी विचारलं.

सरांनी घसा खाकरला. "चहात साखर जास्त झाली, म्हणते."

हे ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. आणि मी काकूंचे ओठ बघितले होते. सुरुवातीलाच मिटले होते. मग मध्येच मिटले, आणि लगेच पुन्हा, पुन्हा. चहात साखर जास्त झाली, यात ओठ एकदाही मिटत नाहीत.

काकूंना ऐकू नीट येत होतं. त्यांनी सरांकडं बघितलं, रागावल्या नाहीत, हळूच हात पुढं करून त्यांचा चष्मा सरळ केला. मी येते म्हणून उठले. जिना उतरताना मला आमचं ते धुकं आठवलं, आणि पहिल्यांदाच भीती वाटली ती धुक्यातल्या माणसांची नव्हे, कंदील धरून अलीकडं उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर वेळेवर आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मॅडम पडद्यावर येऊन बसलेल्याच होत्या. जगतापकाका आधीच देवाला नमस्कार करून आलेले होते.

"लाव," सर म्हणाले.

"कुणाला बोलवायचं आवाजाला?"

"कुणाला नाय. मीच जातो आत."

"वाक्य?"

"पाठ आहे."

ते काचेपलीकडं गेले, कानाला हेडफोन लावला. मी धुकं लावलं. आई पुढं आली. तिनं हारूकडं बघितलं. सरांनी डोळे मिटले नाहीत, पण त्यांनी पडद्याकडंही बघितलं नाही. ते कुठं बघत होते कुणास ठाऊक. मग माझ्या कानात तो घोगरा, प्रेमळ आवाज आला.

"मी नसले तरी वेळेवर जेवत जा. माझी वाट बघत बसू नको."

मी पडद्याकडं बघायला हवं होतं, ते माझं काम. मी काचेतून सरांचे ओठ बघत होते. सुरुवातीलाच मिटले. मग मध्येच मिटले, आणि लगेच पुन्हा, पुन्हा. काल पलंगावर मिटले होते तसेच, तितकेच सावकाश. पडद्यावरची आई फिरली आणि धुक्यात गेली. आवाज तिच्या ओठांवर इतका नेमका बसला होता, की चित्रकारानं याच वाक्यासाठी तिला काढलं असं वाटावं.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. मग मॅडम म्हणाल्या, "अरे वा. छान आहे. मेली वगैरे काही नाहीच त्यात. मुलं जेवतील तरी. आवाज कुणाचा आहे हा? पुढच्या मालिकेत घेऊ या ना त्यांना."

"त्या येत नाहीत कुठं," सर म्हणाले आणि हेडफोन काढून खुंटीला लावला.

सुरुवातीला श्वास जरा मोठा आला होता. एरवी या माणसानं तेवढ्यासाठी दुपार घालवली असती. मी म्हटलं, "सर, अजून एकदा घेऊ या का? श्वास ऐकू येतोय."

"राहू दे. श्वास तिचा नाय, माझा आहे." ते चपला घालत होते. "मला निघू दे माय. मी गेल्याशिवाय ती पेजेला हात लावत नाय."

मी चटकन तोंड फिरवून अंड्यांच्या ट्रेकडं बघत बसले. माझ्या ओठांवर काय आलं होतं, ते त्या माणसाला वाचता आलं असतं.